क्षीण चुंबकीय क्षेत्र आणि जिवंत पेशी : यीस्टवरचा प्रयोग न फसता कसा करावा

सातारा-सांगलीकडे डिसेंबर-जानेवारीत विज्ञान प्रदर्शनं सुरू झाली की एक प्रकल्प हमखास दिसतो. दोन वाट्या, दोन्हीत भिजवलेले मूग, एका वाटीखाली चुंबक. चुंबकाच्या वाटीतले मोड लांब, दुसरीतले आखूड, आणि वर फलक: ‘चुंबकीय क्षेत्राने पेशींची वाढ होते’. मुलांनी मेहनत केलेली असते, हेतूही चांगला असतो. पण एक वाटी खिडकीत असते आणि दुसरी आत. चुंबक किती शक्तीचा, हे कुणी मोजलेलं नसतं. मोडांची लांबी मोजणाऱ्याला कोणती वाटी ‘चुंबकाची’ हे आधीच माहीत असतं.

दरवर्षी त्याच चुका दिसतात, म्हणून हा लेख. अकरावीपासून बी.एस्सी.पर्यंतचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक डोळ्यांसमोर ठेवले आहेत. प्रयोग यीस्टवर आहे. एकाच फ्लास्कमधल्या पेशी दोन्ही बाजूंना वाटता येतात आणि त्या एकेक करून मोजता येतात, हे मुगात जमत नाही.

## टप्पा १ : ‘क्षीण’ म्हणजे किती, ते आधी ठरवा

पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असतं. आपल्या भागात ते ४० च्या थोडं वर भरतं आणि उत्तरेकडे वीस-पंचवीस अंश जमिनीत झुकलेलं असतं. आपल्या प्रत्येक पेशीला जन्मापासून एवढं क्षेत्र मिळतच आलेलं आहे.

फ्रिजवर चिकटवायच्या साध्या चुंबकाच्या पृष्ठभागाशी काही हजार मायक्रोटेस्ला असतात, निओडायमियमच्या चकतीजवळ काही लाख. म्हणजे वाटीखाली चुंबक ठेवला की प्रयोग क्षीण क्षेत्राचा राहतच नाही. शिवाय दोन सेंटीमीटर सरकलं की क्षेत्र कित्येक पटींनी बदलतं. कुठल्या दाण्याला किती मिळालं, हे सांगता येत नाही.

आपण पृथ्वीच्या क्षेत्रात सुमारे ६० मायक्रोटेस्लाची भर घालणार आहोत, आणि तीही फक्त एका बाजूच्या नळ्यांना, पण त्या सगळ्यांना सारखी. त्यासाठी चुंबक चालणार नाही, कॉइल, म्हणजे वीज वाहणारं तारेचं वेटोळं लागेल.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. एवढ्याशा क्षेत्राची एका इलेक्ट्रॉनवर होणारी ऊर्जा पेशीतल्या उष्णतेच्या हालचालीपेक्षा लाखो पटींनी लहान असते. परिणाम होत असेल तर तो आडवाटेनेच व्हायला हवा. त्यातला सर्वांत गांभीर्याने तपासला जाणारा मार्ग म्हणजे मुक्त मूलकांच्या (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंच्या) जोड्या. प्रकाशाने अशी जोडी तयार होते आणि तिचं पुढे काय होणार, यावर क्षीण क्षेत्राचाही थोडा प्रभाव पडू शकतो. पक्ष्यांच्या दिशाज्ञानाशी जोडलं जाणारं क्रिप्टोक्रोम हे प्रथिन याच कारणाने चर्चेत आहे. बेकरीच्या यीस्टमध्ये क्रिप्टोक्रोम नाही. म्हणून ‘काही फरक नाही’ हे उत्तर येण्याचीच शक्यता जास्त आहे. तसं उत्तर नीट मोजून आलं तर ते वहीत अभिमानाने लिहा.

## टप्पा २ : साहित्य

कॉइलचे दोन पूर्ण संच लागतील. एकावर भागवायचा मोह होतो, तो टाळा.

कॉइलच्या साच्यासाठी भरतकामाची बारा इंची लाकडी रिंग उत्तम. व्यास जवळपास ३० सेंटीमीटर, म्हणजे त्रिज्या १५. अशा चार रिंगा घ्या, एका संचाला दोन. रिंगेचा स्क्रू लोखंडी असला तर काढून टाका आणि दोऱ्याने आवळा. पिठाची चाळणी वापरू नका, तिच्या कडेला बहुधा पोलाद असतं.

तार २४ गेजची, इनॅमल चढवलेली तांब्याची. शेतीपंपाच्या मोटारी भरणाऱ्या रिवायंडिंगच्या दुकानात ती वजनावर मिळते. एका संचाला पाव किलो, दोन्हींना मिळून अर्धा किलो आणा. दुकानदाराला तार दोन रिळांवर सारखी वाटून द्यायला सांगा. का, ते पुढे येईल.

बाकी सामान: ६ व्होल्टची सीलबंद बॅटरी, एक रिओस्टॅट (प्रवाह कमी-जास्त करायला), मल्टिमीटर, सहा पायांचे दोन डीपीडीटी स्विच (प्रवाहाची दिशा उलटवायला), चांगले दोन थर्मामीटर, थर्माकोलची दोन सारखी खोकी (नळ्यांचं तापमान टिकवायला), स्क्रूच्या झाकणाच्या १५ मिलीलिटरच्या बारा प्लॅस्टिक नळ्या आणि पेशी मोजायचा न्यूबावर चेंबर. कॉलेजात चेंबर नसेल तर मिरजेत पॅथॉलॉजीचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत विचारा. मायक्रोस्कोप ४०० पट दाखवणारा हवा.

मोबाईलचा चार्जर वीजपुरवठा म्हणून लावू नका. त्याच्या प्रवाहात लहरी असतात. बॅटरीचा प्रवाह स्वच्छ असतो आणि मध्येच लाईट गेली तरी प्रयोग थांबत नाही.

## टप्पा ३ : जागा

इथे घाई करू नका, अर्धा दिवस द्या. मोबाईलमध्ये चुंबकीय सेन्सर असतो. फायफॉक्ससारखं मोफत अॅप घ्या, कव्हर काढा (पुष्कळ कव्हरांत चुंबक असतो), फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-चारदा फिरवा आणि मग टेबलावर वीतभर अंतराने आकडे घेत चला.

प्रयोगशाळेतल्या लोखंडी पायांच्या टेबलावर आकडा ३० वरून ७० वर उडताना दिसेल. कॉलममधली सळई, लोखंडी रॅक, फ्रिज, पंखा, सगळे आपापली भर घालतात. महागडे इन्क्युबेटरही याला अपवाद नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इन्क्युबेटरच्या आत काही सेंटीमीटरच्या अंतरात क्षेत्र दहा-वीस नव्हे, शेकडो मायक्रोटेस्लापर्यंत बदलताना आढळलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली होती, एवढं सांगितलं तरी जागेचं महत्त्व कळावं.

लाकडी टेबल, तळमजला, भिंतीपासून किमान एक मीटर. दोन संचांसाठी दोन जागा, एकमेकींपासून दीड मीटरवर. एवढ्या अंतरावर एका संचाचं क्षेत्र दुसऱ्यापर्यंत ०.१ मायक्रोटेस्लाहून कमीच पोचतं. रिओस्टॅटही वेटोळ्यांचाच बनलेला असतो, तोही तेवढाच लांब ठेवा.

तपासा : दोन्ही जागी पृथ्वीचं क्षेत्र एकमेकांच्या दोन मायक्रोटेस्लाच्या आत आहे का? नसेल तर जागा बदला. आकड्यात नंतर दुरुस्ती करून भागत नाही.

## टप्पा ४ : कॉइल भरणं

आता दोन रिळांचं कारण. कॉइलमधून प्रवाह गेला की ती थोडी तापते. मग पेशी वाढल्या त्या क्षेत्रामुळे की उबेमुळे? यावरचा उपाय १९९२ साली कर्शव्हिंक यांनी मांडला: दुहेरी तार. दोन तारा जोडीने गुंडाळायच्या. दोन्हींत प्रवाह एकाच दिशेने सोडला तर क्षेत्रांची बेरीज होते. एकीत उलटा सोडला तर वजाबाकी होऊन क्षेत्र शून्य होतं, पण प्रवाह तोच राहतो आणि उष्णताही तेवढीच. आम्ही स्विचवर ‘बेरीज’ आणि ‘वजाबाकी’ असंच लिहितो.

१. दोन्ही रिळांची टोकं एकत्र धरा आणि रिंगेवर जोडतारेचे २५ फेरे घाला. ओळीत घाला, एकावर एक चढवत गठ्ठा करू नका. दर पाच फेऱ्यांनी कागदी चिकटपट्टी लावा. दोघांनी मिळून करायचं काम आहे: एकाने रिंग फिरवायची, दुसऱ्याने तार ताणून धरायची.

२. चारही टोकांवरचं इनॅमल पॉलिश पेपरने तांबं चमकेपर्यंत खरवडा. ‘कॉइल चालत नाही’ अशा तक्रारींतल्या निम्म्याहून अधिक इथे सुटतात.

३. मल्टिमीटरने कोणती दोन टोकं एकाच तारेची ते शोधा. पहिल्या तारेला लाल धागा बांधा, दुसरीला काळा.

४. दोन रिंगा समोरासमोर, एकमेकींपासून बरोबर १५ सेंटीमीटरवर उभ्या करा. अंतर त्रिज्येइतकं हवं. व्यासाइतकं ठेवणं ही नेहमीची चूक आहे. लाकडी पट्ट्या फेव्हिकॉलने जोडा, खिळा एकही नको.

५. संचातल्या सगळ्या तारा एकापाठोपाठ जोडा, काळी मात्र स्विचमधून न्या म्हणजे तिची दिशा उलटता येईल. मग दोन्ही संचही एकापाठोपाठ जोडा. त्यामुळे दोन्हींत अगदी तोच प्रवाह वाहील, मोजून जुळवावा लागणार नाही.

६. संच असा ठेवा की रिंगांमधून जाणारी सरळ रेषा उत्तर-दक्षिण येईल.

हिशोब असा. मध्यभागचं क्षेत्र मायक्रोटेस्लात = ०.९ × फेरे × प्रवाह ÷ त्रिज्या. प्रवाह अँपिअरमध्ये, त्रिज्या मीटरमध्ये. दुहेरी तारेचे २५ म्हणजे ५० फेरे. ०.९ × ५० × ०.२ ÷ ०.१५ = ६०. एका संचाची तार सुमारे ९४ मीटर, रोध साडेसहा ओहमच्या आसपास, म्हणून ०.२ अँपिअरला उष्णता पाव वॉटच होते. उत्साहाच्या भरात प्रवाह १ अँपिअर केला तर तीच साडेसहा वॉट होईल आणि खोकं कोमट लागू लागेल.

तपासा : फोन मध्यभागी ठेवा. स्विच ‘बेरीज’वर टाकला की उत्तर-दक्षिण घटक सुमारे ६० ने बदलला पाहिजे. ‘वजाबाकी’वर तो कॉइल बंद असतानाइतकाच दिसला पाहिजे. ‘बेरीज’वरही मध्यभागी काहीच बदल होत नसेल, तर एक रिंग उलटी जोडली गेली आहे. ६० ने कमी होत असेल तर बॅटरीची टोकं बदला.

मध्यापासून चारही बाजूंना ४ सेंटीमीटरपर्यंत क्षेत्र जवळजवळ सारखं असतं, अक्षावर तर फरक एक टक्क्याच्याही आत. नळ्या तेवढ्याच भागात मावल्या पाहिजेत. म्हणून नळीत ५ मिलीलिटरच भरायचं.

## टप्पा ५ : पेशी तयार करणं

यीस्टच्या खाद्यद्रावणासाठी अर्धा लिटर पाण्यात ग्लुकोज १० ग्रॅम, पेप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम. बाटलीचं झाकण सैल ठेवून कुकरमध्ये, पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून २० मिनिटं. मग पूर्ण गार होऊ द्या.

आपल्याकडे गूळ मुबलक, तेव्हा गुळाच्या पाण्यात यीस्ट वाढवूया असं मुलं दरवर्षी सुचवतात. नको. गुळातले बारीक कण चेंबरमध्ये पेशींसारखेच दिसतात. शिवाय रंग उजळायला हायड्रॉस घातलेला गूळ असेल तर त्याचा यीस्टवर वेगळाच परिणाम होईल.

पाकिटातलं कोरडं यीस्ट १ ग्रॅम, ३८ ते ४० अंशांच्या ५० मिलीलिटर पाण्यात दहा मिनिटं भिजवा. त्यातलं १ मिलीलिटर २०० मिलीलिटर द्रावणात घाला आणि तीन तास वाढू द्या. लगेच प्रयोग सुरू करू नका. सुक्या यीस्टमधल्या काही पेशी मेलेल्या असतात, काही अजून सावरत असतात. तीन तासांनी मोजा आणि दर मिलीलिटरला १० लाख पेशी येतील असं पातळ करा.

नळ्या भरण्याचा क्रम महत्त्वाचा. यीस्ट तळाशी बसतं. पहिल्या सहा नळ्या एका बाजूच्या आणि नंतरच्या सहा दुसऱ्या बाजूच्या भरल्या, तर फरक प्रयोग सुरू होण्याआधीच तयार झाला. प्रत्येक वेळी फ्लास्क हलवा आणि नळ्या आलटून पालटून भरा: एक इकडची, एक तिकडची.

सावधान : झाकणं घट्ट लावू नका. कार्बन डायऑक्साइड साठून झाकण उडतं.

## टप्पा ६ : आधी वजाबाकी विरुद्ध वजाबाकी

सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा हाच आहे, आणि माझ्या मते सगळा प्रयोग यावरच उभा आहे.

दोन्ही संच ‘वजाबाकी’वर ठेवा. म्हणजे कुठेच जादा क्षेत्र नाही. पूर्ण प्रयोग करा, पाच तास, मोजणीसकट. दोन्ही बाजूंच्या सरासरीत किती फरक येतो ते लिहा. असं किमान तीनदा करा. काहीच केलेलं नसताना ६ टक्के फरक येत असेल, तर उद्या ५ टक्के फरक दिसल्यावर आनंद मानायचं कारण नाही.

हे मी अनुभवाने सांगते आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलांनी हा टप्पा गाळला होता. सलग चार दिवस चालू कॉइलच्या नळ्यांत पेशी जास्त. चौथ्या दिवशी एक मुलगी धावत स्टाफरूममध्ये आली, ‘मॅडम, परत तेच आलं!’ मलाही मनापासून आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून नळ्यांशेजारी हात ठेवला, तर खिडकीकडचं टेबल कोमट. पश्चिमेचं ऊन दुपारी तीननंतर त्या खोक्यावर येत होतं आणि थर्मामीटरवर फरक होता दीड अंश. आम्ही जागांची अदलाबदल केली. फरक कॉइलबरोबर गेला नाही, खिडकीपाशीच राहिला. तापमान दहा अंशांनी वाढलं की वाढीचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे एका अंशाला सातेक टक्के. आम्हाला चार दिवस दिसत होता तो उन्हाचा परिणाम.

तेव्हापासून प्रत्येक खोक्यात पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या ठेवतो, तापमान लवकर हलत नाही. दर अर्ध्या तासाला दोन्ही थर्मामीटर वाचतो. अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला तर तो दिवस बाद. सांगलीच्या मे महिन्यात हा प्रयोग न केलेलाच बरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घ्या, मात्र साताऱ्याकडच्या थंडीत बाटल्यांमध्ये ३० अंशांचं पाणी भरून सुरुवात करा.

तपासा : दोन थर्मामीटर एकाच भांड्यात बुडवल्यावर सारखं दाखवतात का?

## टप्पा ७ : खरा प्रयोग

१. प्रयोगात नसलेल्या तिसऱ्या व्यक्तीला बोलवा. तिने नाणं उडवून कोणता संच ‘बेरीज’वर ते ठरवायचं, स्विच टाकायचे, त्यांवर कागद चिकटवायचा आणि उत्तर पाकिटात बंद करायचं.

२. नळ्यांवर १ ते १२ आकडेच लिहा. ‘चुं’ आणि ‘सा’ असली अक्षरं नकोत.

३. दोन्ही संचांत सहा-सहा नळ्या ठेवा. दर तासाला प्रत्येक नळी झाकण तेवढ्यापुरतं आवळून दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करा, दोन्ही बाजूंना सारख्याच वेळा, आणि झाकण पुन्हा सैल करा.

४. मल्टिमीटरवरचा प्रवाह दर तासाला लिहा. बॅटरी उतरली की क्षेत्रही उतरतं, रिओस्टॅटने परत ०.२ वर आणा.

५. पाच तासांनी सगळ्या नळ्या एकदम बर्फाच्या पाण्यात घाला. वाढ तिथेच थांबते आणि मोजायला उसंत मिळते.

६. पुढच्या दिवशी पुन्हा नवं नाणं. सहा प्रयोगांत प्रत्येक संचाला ‘बेरीज’ तीनदा मिळेल असं मात्र त्या तिसऱ्या व्यक्तीने बघावं.

सावधान : फोन खोक्यात ठेवून देऊ नका. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

## टप्पा ८ : मोजणी

नळी उलटीसुलटी करून लगेच नमुना घ्या. गर्दी असेल तर चारपट पातळ करा. चेंबर भरा आणि पेशी खाली बसायला दोन मिनिटं थांबा. मधल्या मोठ्या चौकोनात २५ छोटे चौकोन असतात, त्यांतल्या एकूण पेशी × पातळ केल्याचा आकडा × १०,००० = एका मिलीलिटरमधल्या पेशी.

दोन नियम भिंतीवर लिहून ठेवा. वरच्या आणि डाव्या रेषेवरची पेशी धरायची, खालच्या आणि उजव्या रेषेवरची सोडायची. कळी (आईपेशीला फुटलेली नवी पेशी) आईच्या निम्म्याहून मोठी असेल तर वेगळी पेशी, नाहीतर नाही. बाराही नळ्या एकानेच मोजाव्यात, चिठ्ठ्या टाकून आलेल्या क्रमाने, आणि त्याने पाकीट पाहिलेलं नसावं.

किती मोजायच्या? ४०० पेशी मोजल्या तर निव्वळ योगायोगाचा चढउतार २०, म्हणजे ५ टक्के. सहा नळ्यांत मिळून २४०० मोजल्या की तो २ टक्क्यांवर येतो, आणि दोन बाजूंच्या फरकात तीन टक्क्यांच्या आसपास. शंभर पेशी मोजून ‘४ टक्के वाढ’ असं लिहिणाऱ्या फलकाकडे बघून वाईट वाटतं, कारण मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

## टप्पा ९ : आकड्यांतून काय म्हणता येतं

सहा नळ्या म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. त्या एकाच कॉइलमध्ये, एकाच उबेत, एकाच दिवशी वाढल्या. त्यांची सरासरी म्हणजे एक आकडा. प्रयोगांची संख्या म्हणजे दिवसांची संख्या.

सहा दिवस केलेत आणि सहाच्या सहा वेळा फरक एकाच बाजूला आला, तर तसं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता १०० मध्ये ३. पाच वेळा एका बाजूला आणि एकदा उलट आला, तर ती शक्यता २२ वर जाते, आणि तेवढ्यावरून काहीच म्हणता येत नाही. सहाव्या दिवसाचा आकडा ‘बिघडलेला’ म्हणून गाळू नका. दिवस बाद करायचा तर तो तापमानाच्या नोंदीवरून आणि पाकीट उघडण्याआधी.

सगळी पाकिटं एकदमच, शेवटच्या मोजणीनंतर उघडा. आलेला फरक टप्पा ६ मधल्या फरकाशेजारी लिहा. त्याहून मोठा नसेल तर वाक्य असं लिहायचं: ‘६० मायक्रोटेस्लाच्या स्थिर क्षेत्राचा पाच तासांत यीस्टच्या वाढीवर आमच्या मोजणीच्या मर्यादेत परिणाम दिसला नाही.’ मर्यादा किती टक्क्यांची, तेही लिहा.

फरक दिसलाच तर दुसऱ्या कॉलेजातल्या मित्रांना हीच कृती देऊन करायला सांगा. मोठ्या प्रयोगशाळांनाही हे चुकलेलं नाही. अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपावर ५०० मायक्रोटेस्लाचा परिणाम होतो असं २००७ साली प्रसिद्ध झालं. २००९ साली दुसऱ्या गटाने तोच प्रयोग काटेकोरपणे पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. उलट २०२१ साली जपानमधल्या संशोधकांनी जिवंत हेला पेशींची (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) स्वतःची मंद चमक चुंबकीय क्षेत्रात सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी होताना पाहिली. पण ते क्षेत्र २५,००० मायक्रोटेस्लाचं होतं, आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या सहाशेपट. फलकावर हा दाखला देणार असाल तर हा आकडाही द्या.

## हमखास विचारले जाणारे दोन प्रश्न

आमच्या रानावरून कोयनेची हाय टेन्शन लाईन जाते. या प्रयोगातून तिच्याबद्दल काही कळेल का? नाही. लाईनचं क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतं, आपलं स्थिर आहे. दोन्हींचे निष्कर्ष एकमेकांना लावता येत नाहीत. आणि ते क्षेत्र फोनने मोजायलाही जाऊ नका. फोनचा सेन्सर सेकंदाला साधारण पन्नास ते शंभर नोंदी घेतो, त्यामुळे ५० हर्ट्झचं क्षेत्र त्याला धड दिसत नाही आणि स्क्रीनवर भलताच आकडा येतो.

चुंबकाचे पट्टे, चुंबकाचं पाणी यांचा यातून पुरावा मिळतो का? तोही नाही. नळीतल्या यीस्टच्या संख्येवरून माणसाच्या गुडघ्याबद्दल काहीही सांगता येत नाही. प्रदर्शनात एखाद्या आजोबांनी विचारलं तर मुलांनी त्यांना हेच सांगावं आणि डॉक्टरांकडे जायला सांगावं.